दुष्काळ, वारसा आणि परराष्ट्रधोरण : बीड जिल्ह्यातील एक अनुबंध

(१)

राष्ट्राच्या परराष्ट्रधोरणाचा विचार करताना तह, सीमा, व्यापार आणि शस्त्रास्त्रे ह्या विषयांना अग्रस्थान मिळते, हे स्वाभाविक आहे. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या धोरणाला दोन नव्या शाखा फुटल्या. एक शाखा सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाची व दुसरी नैसर्गिक आपत्तीच्या वेळी घ्यावयाच्या किंवा द्यावयाच्या मदतीची. भारताच्या बाबतीत ह्या दोन्ही शाखांचा विस्तार मोठा आहे. परंतु त्या एकमेकींपासून अलग वाढल्या. वारशाचा व्यवहार युनेस्को, पुरातत्त्व खाते आणि सांस्कृतिक करार ह्यांच्याकडे गेला. आपत्तीचा व्यवहार धान्य, औषधे, कर्जे आणि पुनर्वसन ह्यांच्याकडे गेला.

हे विभाजन सर्वत्र सारखेच योग्य ठरते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर राजधानीतील दफ्तरांपेक्षा एखाद्या जिल्ह्याच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडण्याचा संभव आहे. बीड जिल्हा ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. ह्या जिल्ह्याची मुख्य आपत्ती अवर्षण ही होय, आणि त्याच्या प्राचीन वास्तूंपैकी काही महत्त्वाच्या वास्तू अवर्षणास तोंड देण्यासाठीच बांधलेल्या आहेत. जेथे वास्तू हेच आपत्तिनिवारणाचे साधन असते, तेथे वारसा व आपत्ती ही दोन खाती वेगळी ठेवणारे धोरण मूळ वस्तूच दृष्टीआड करते. बीडच्या इतिहासावरून हेच पुढे दाखवावयाचे आहे.

(२)

बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. बालाघाटची डोंगररांग त्याच्या मध्यातून जाते. उत्तर सीमेवर गोदावरी वाहते. मांजरा व सिंदफणा ह्या नद्या पाटोद्याच्या डोंगराळ भागात उगम पावतात. खालचा खडक काळ्या बसाल्टचा असल्याने पाणी मुरते ते भेगांतून व झिजलेल्या थरांतून. अशा भूमीत भूगर्भातील पाणी शोधणे, ते एकत्र आणणे आणि उतारावर नेऊन सोडणे ही केवळ सोयीची नव्हे, तर जगण्याची विद्या होती.

ह्या विद्येचे दोन नमुने बीड शहराच्या परिसरात आहेत. पहिला म्हणजे कंकालेश्वराचे मंदिर. चालुक्य–यादव काळातील परंपरेत बसणारे हे मंदिर कुंडाच्या मध्यभागी उभे आहे. येथे देवालय व जलाशय ह्यांची कल्पना एकत्रच झालेली असून एकाचे रक्षण दुसऱ्यावाचून संभवत नाही. दुसरा नमुना शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरवर असलेली खजाना विहीर हा होय. मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत (१५६५–१५८८) बीडची जहागीर सांभाळणाऱ्या सलाबतखानाने ती बांधविली आणि राजा भास्कर ह्या स्थापत्यकाराने तिची रचना केली, असे परंपरा सांगते. विहिरीत भुयारी मार्गांनी पाणी येते व त्याच प्रकारच्या मार्गाने ते बाहेर पडून खालच्या बलगुजार भागातील शेतीस मिळते. पाणी वर उपसण्याऐवजी जमिनीच्या उताराचाच उपयोग करून ते आपोआप वाहते ठेवणे, हे ह्या रचनेचे मर्म होय.

ही रचना एकाकी नाही. बीदर येथील कारेझ, औरंगाबादची मलिक अंबरच्या नावाने प्रसिद्ध असलेली नहर आणि १६१५ च्या सुमारास बुऱ्हाणपूर येथे झालेली भूमिगत जलव्यवस्था ही तिची दक्षिणेतील भावंडे होत. ह्या सर्वांचे कूळ इराणातील कनात ह्या जलवाहिनीशी जुळते. निजामशाहीचे इराणच्या सफवी दरबाराशी राजनैतिक संबंध होते, हे सुविदित आहे. बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारल्यानंतर खुरशाह बिन कुबाद हा वकील शाह तहमास्पच्या दरबारी पाठविला गेला व तो १५४५ मध्ये तेथे पोहोचला. दरबारांच्या ह्या देवघेवीबरोबर विद्वान, कारागीर व तंत्रे ह्यांचाही प्रवास होत असे. तेव्हा बीडच्या माळावरील एका विहिरीत परराष्ट्रसंबंधाचा अंश आहे, हे विधान अलंकारिक नव्हे.

त्याच काळाने दुसरीही बाजू दाखविली आहे. १६३०–३२ च्या भीषण दुष्काळात मोगल व निजामशाही ह्यांचे युद्ध चालूच होते आणि १६३१ मध्ये मोगल सेनापती आझमखान ह्याने धारूरचा किल्ला घेतला. अवर्षण, अन्नान्नदशा व वेढा ही एकाच वर्षात एकाच प्रदेशावर कोसळली. युद्धकाळातील वास्तुरक्षण आणि आपत्तिकाळातील लोकरक्षण हे दोन निराळे विषय मानणाऱ्या आधुनिक करारांना धारूरचे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे.

(३)

१७९८ व १८०० च्या तैनाती तहांनी हैदराबादच्या निजामाचे परराष्ट्रसंबंध कंपनी सरकारच्या स्वाधीन झाले. बीड हा ह्या राज्याचा एक जिल्हा. ज्या राज्यास स्वतःचे परराष्ट्रधोरणच उरले नव्हते, त्याने वारशाच्या क्षेत्रात मात्र परदेशाशी थेट संबंध जोडला, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

निजामाच्या मुलखातील प्राचीन अवशेषांची सूची प्रथम ब्रिटिश पुरातत्त्व खात्यातील हेन्री कझेन्स ह्यांनी केली व ती १९०० मध्ये प्रसिद्ध झाली. १९१४ मध्ये हैदराबाद राज्याने स्वतःचे पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि गुलाम यझदानी ह्यांना त्याचे प्रमुख नेमले. अजिंठ्याची चित्रे जतन करण्यासाठी ह्या राज्याने १९२० ते १९२२ ह्या काळात लोरेन्झो चेकोनी व काउंट ऑर्सिनी ह्या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटणारे रंगाचे पापुद्रे त्यांनी भिंतीस पुन्हा चिकटविले. पण लाखेच्या रोगणामुळे कालांतराने चित्रांवर पिवळसर झाक चढली व ती काढणे हे पुढील पिढ्यांचे काम होऊन बसले. परदेशी साहाय्याचे गुणदोष एकाच प्रसंगात दाखविणारे हे उदाहरण होय.

कझेन्स ह्यांची सूची ज्या वर्षी निघाली, त्याच वर्षी मराठवाडा १८९९–१९०० च्या दुष्काळात होरपळत होता. १८९१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४२ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ४ लाख ९२ हजारांवर आली. दर चार माणसांमागे जवळजवळ एक माणूस मृत्यूने वा स्थलांतराने नाहीसे झाले. सूची करणाऱ्याच्या दृष्टीस देवळे व लेणी पडत होती. दुष्काळनिवारण करणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीस छावण्या व खडीची कामे पडत होती. दुष्काळासाठी बांधलेली जुनी जलवास्तू मात्र दोघांच्याही कक्षेच्या कडेवर राहिली. आज दिसणाऱ्या दुभंगाचे मूळ अशा रीतीने वसाहतकालीन कारभारातच आहे.

१९४७–४८ च्या संघर्षात परराष्ट्रव्यवहाराचा प्रश्न पुन्हा वर आला. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने तो भारत सरकारकडे राहिला. तरीही ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने सुरक्षा समितीकडे गाऱ्हाणे नेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या शरणागतीने हा अध्याय संपला. ह्यानंतर बीडच्या वास्तूंचे भवितव्य भारतीय संघराज्याच्या घटनेशी जोडले गेले.

(४)

भारतीय राज्यघटनेने वारशाचे अधिकार विभागून दिले आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या वास्तू संघसूचीत आहेत. इतर प्राचीन वास्तू राज्यसूचीत आहेत. पाणी हाही मुख्यतः राज्यसूचीचा विषय आहे. उलट, परराष्ट्रव्यवहार आणि आंतरराष्ट्रीय करार हे सर्वस्वी संघाचे क्षेत्र आहे. अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंच्या रक्षणाचे बंधन घालतो, अनुच्छेद ५१ आंतरराष्ट्रीय करारांविषयी आदर बाळगण्यास सांगतो आणि अनुच्छेद २५३ करारांच्या अंमलासाठी संसदेला कायदा करण्याचा अधिकार देतो. परिणाम असा की, वारशाविषयी जगाला वचन देणारी सत्ता दिल्लीत आहे. पण बहुसंख्य सामान्य वास्तू व त्यांना जिवंत ठेवणारे पाणी राज्याच्या हाती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, तरी ही मांडणी बदलली नाही. केंद्राचा १९५८ चा व महाराष्ट्राचा १९६० चा पुरातत्त्वविषयक कायदा ह्याच विभागणीवर उभे आहेत.

स्वतंत्र भारताने वारशाच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारात लवकर पाऊल टाकले. युद्धकाळातील सांस्कृतिक संपत्तीविषयीच्या १९५४ च्या हेग करारास त्याने १९५८ मध्ये मान्यता दिली. अस्वान धरणाच्या जलाशयात नुबियातील प्राचीन मंदिरे बुडणार, हे दिसताच युनेस्कोने १९६० मध्ये जगाला आवाहन केले. त्यास प्रतिसाद म्हणून भारतीय पुरातत्त्व खात्याने ब. बा. लाल ह्यांच्या नेतृत्वाखाली पथक पाठविले व त्या पथकाने आफिये येथे उत्खनन केले. पुढे १९६९ ते १९७७ ह्या काळात अफगाणिस्तानातील बामियान येथे आणि १९८६ ते १९९३ ह्या काळात कंबोडियातील अंकोरवाट येथे भारतीय तज्ज्ञांनी जतनाचे काम केले.

नुबियाच्या मोहिमेतून व ४ नोव्हेंबर १९६६ रोजी फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ह्या नगरांवर आलेल्या पुराच्या धक्क्यातून जागतिक वारशाच्या कराराची कल्पना परिपक्व झाली. १६ नोव्हेंबर १९७२ रोजी पॅरिस येथे तो करार संमत झाला आणि १४ नोव्हेंबर १९७७ रोजी भारताने त्यास मान्यता दिली. ह्या कराराच्या जन्मकथेचा त्याच्या आशयावर ठसा उमटलेला आहे. संकटग्रस्त वारशाच्या यादीसंबंधीच्या अकराव्या कलमात ज्या नैसर्गिक संकटांची नावे येतात ती अशी : मोठ्या आगी, भूकंप, दरडी कोसळणे, ज्वालामुखीचे उद्रेक, पाण्याच्या पातळीतील बदल, पूर आणि समुद्राच्या महालाटा. ह्या गणनेत अवर्षणाचे नाव नाही. ज्या करारामागे बुडणारी मंदिरे व चिखलाने भरलेली ग्रंथालये उभी होती, त्याला पाण्याचा अतिरेक संकट म्हणून दिसला; पाण्याचा अभाव दिसला नाही.

पॅरिसमध्ये हा मसुदा संमत होत असताना बीड जिल्ह्यात पावसाने दगा दिलेला खरीप हातचा गेला होता.

(५)

१९७२–७३ च्या दुष्काळाचा इतिहास सामान्यतः रोजगार हमीच्या दृष्टीने लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. ह्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. परंतु ह्या दुष्काळास परराष्ट्रधोरणाचीही एक बाजू आहे.

डिसेंबर १९७१ च्या युद्धाच्या वेळी अमेरिकेने भारताचे आर्थिक साहाय्य रोखले होते. सवलतीच्या अमेरिकन धान्यावर यापुढे विसंबावयाचे नाही, असा पवित्रा भारताने घेतला होता. लगेच पुढच्या वर्षी पाऊस गेला. तेव्हा सरकारला परदेशी बाजारात रोखीने धान्य घ्यावे लागले आणि १९७३ मध्ये सोव्हिएत संघाकडून २० लाख टन गहू उसना घ्यावा लागला. मराठवाड्याच्या स्मृतीत ह्या सर्व राजकारणाचा सारांश 'मिलो' ह्या एका शब्दात साठविलेला आहे. आयात केलेल्या त्या लाल ज्वारीची भाकर आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ह्यांवर एका पिढीने दिवस काढले. दूरच्या राजधान्यांतील संबंध बिघडले की सुधारले, ह्याचा पडताळा गावातील शिधावाटपाच्या दुकानात येत होता.

धान्यापेक्षाही दूरगामी परिणाम घडविणारी एक गोष्ट ह्याच सुमारास झाली. १९६७ च्या दुष्काळापासून युनिसेफने भारतास कठीण खडक फोडणारी वेधनयंत्रे पुरविण्यास आरंभ केला. बसाल्टच्या प्रदेशात पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खणणे त्यामुळे शक्य झाले. त्यांवर बसविण्याच्या हातपंपात सुधारणा करण्याचे काम जालना व सोलापूर येथील मिशनरी कार्यशाळांत झाले, आणि सोलापूरच्या पंपाच्या घडणीवरून पुढे 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला. हा पंप नंतर आशिया व आफ्रिकेतील कित्येक देशांत गेला. बीडच्या शेजारच्या दोन शहरांतून निघालेले एक साधन आंतरराष्ट्रीय साहाय्याचा भाग बनले, ही अभिमानाची गोष्ट होय.

ह्या तंत्राने असंख्य जीव वाचविले, ह्यात संशय नाही. तथापि इतिहासकाराने त्याचा उत्तरार्धही पाहिला पाहिजे. हातपंपाने घेतलेले पाणी अल्प होते. परंतु वेधनाचे तंत्र एकदा सुलभ झाल्यावर वीजपंप बसविलेल्या खाजगी कूपनलिका शेतीसाठी खोल खोल जाऊ लागल्या. उसासारख्या पिकाने ही ओढ वाढविली. पायऱ्यांच्या बारवा व आड ह्यांच्याकडे लोकांचे जाणे कमी झाले, गाळ काढण्याची सामुदायिक रीत मोडली आणि कित्येक ठिकाणी जुनी विहीर ही केरकचरा टाकण्याची जागा बनली. आपत्तिनिवारणाच्या आंतरराष्ट्रीय मदतीने आलेले साधन त्याच आपत्तीसाठी पूर्वजांनी घडविलेल्या साधनाच्या मुळावर आले. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आपत्ती पाहणाऱ्या खात्याला वारसा दिसत नव्हता आणि वारसा पाहणाऱ्या खात्याला पाणी दिसत नव्हते, इतकेच.

(६)

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) हे बीडचे दोन शेजारी जिल्हे उद्ध्वस्त झाले. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. भारताने ह्या प्रसंगी परदेशी साहाय्य स्वीकारले आणि जागतिक बँकेच्या कर्जाने १९९४ पासून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचे जड माळवद ह्यांखाली माणसे गाडली गेली, हे खरे. परंतु पुनर्वसनात सरळ रेषांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या तेव्हा गढी, वेस, पार, वाडा आणि आळी ह्यांनी बनलेली गावाची जुनी घडणही मागे राहिली. मराठवाड्यातील ग्रामवास्तू हा वारसा आहे, ही जाणीव त्या वेळच्या मदतीच्या व्यवहारात दुय्यम होती.

तौलनिक दृष्टीने पाहता, त्याच सुमारास जपानच्या कर्जाने अजिंठा–वेरूळ परिसराच्या जतनाची व पर्यटनविकासाची योजना चालू झाली होती. तिच्या पहिल्या टप्प्याचा करार १९९२ चा आणि दुसऱ्या टप्प्याचा २००३ चा. ह्या योजनेत वनीकरण व पाणीपुरवठा ह्यांचाही अंतर्भाव होता. म्हणजे वास्तू व तिचा निसर्ग ह्यांचा एकत्र विचार परदेशी साहाय्याने होऊ शकतो, हे तिने दाखविले. परंतु १९८३ मध्ये जागतिक यादीत गेलेल्या लेण्यांभोवतीच तिची कक्षा होती. बीड जिल्ह्यातील एकही स्थळ त्या यादीत नाही. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यातही धारूर नाही.

२००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर भारताच्या धोरणाने नवे वळण घेतले. परकीय सरकारांची तातडीची मदत त्याने नम्रपणे नाकारली आणि श्रीलंकादी शेजाऱ्यांना स्वतः मदत पाठविली. २००५ मध्ये आपत्तिव्यवस्थापनाचा कायदा झाला. २०१८ च्या केरळच्या महापुरातही परकीय सरकारांचे साहाय्य न घेण्याची हीच भूमिका कायम राहिली. घेणाऱ्याचा देणारा झालेल्या भारताने आता वारसा व आपत्ती ह्यांची परदेशात सांगडही घातली. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपानंतर भारताने दिलेल्या २५ कोटी डॉलरांच्या अनुदानात ५ कोटी डॉलर सांस्कृतिक वारशाच्या पुनर्बांधणीसाठी राखून ठेवले. ऑगस्ट २०१६ च्या भूकंपात म्यानमारच्या बागान येथील जे पॅगोडे भग्न झाले, त्यांच्या दुरुस्तीचे कामही भारताने अंगावर घेतले.

येथे एक विसंगती नजरेस येते. शेजारी देशात भूकंप झाला की भारतीय परराष्ट्रधोरण मंदिर व मदत ह्यांचा एकत्र विचार करते. आपल्याच देशात अवर्षण आले की ह्या दोहोंची कागदपत्रे वेगळ्या मंत्रालयांत जातात. केंद्रात दुष्काळाचे काम कृषिमंत्रालयाकडे असते. मार्च २०१५ मध्ये सेंडाई येथे मान्य झालेल्या आपत्तिनिवारणाच्या चौकटीत सांस्कृतिक वारसास्थळांच्या रक्षणाचा उल्लेख आहे, आणि राष्ट्रीय आपत्तिव्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये वारसास्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांत वारसा हा मुख्यतः आपत्तीपासून वाचवावयाचा पदार्थ म्हणून येतो. वारसा स्वतः आपत्तीपासून वाचवू शकतो, हा विचार अजून धोरणाचा कणा झालेला नाही.

(७)

ह्या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, बीडच्या विहिरीचा गाळ काढणे हे जिल्हा परिषदेचे काम आहे. त्यात परराष्ट्रधोरण ओढण्याचे प्रयोजन काय? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे. आंतरराष्ट्रीय करार विहिरीचा गाळ काढीत नाही. परंतु कोणती वस्तू वारसा मानावयाची, कोणते संकट संकट मानावयाचे आणि कोणत्या कामास पैसा मिळावयाचा, ह्याची परिभाषा करार ठरवितो. ती परिभाषा पुढे कायद्यात, कायद्यातून नियमात व नियमातून तालुक्याच्या कचेरीत झिरपते.

ह्याचे उदाहरण म्हणून संरक्षित हद्दीचा प्रश्न घेता येईल. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूभोवती १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. ही मापे जमिनीच्या पृष्ठभागावर घेतली जातात व त्यांचा मुख्य रोख बांधकामावर असतो. मंदिरास वा किल्ल्यास ती पुरेशी ठरतील. परंतु खजाना विहिरीसारख्या रचनेचा प्राण तिच्या भुयारी मार्गांत आणि वरच्या अंगाच्या पाणलोटात असतो. तशा वास्तूचे दगड हलविले नाहीत, पण वरच्या बाजूस खोल कूपनलिका घेऊन तिचे झरे आटविले, तर वास्तू सुरक्षित राहिली असे दफ्तरी नोंदले जाईल आणि वस्तुतः ती नष्ट झालेली असेल. भूजलासंबंधीच्या महाराष्ट्राच्या २००९ च्या कायद्याने साठ मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध घातले आहेत. जुन्या जलवास्तूंच्या पाणलोटात ह्या कायद्याचा कसोशीने अंमल होणे, हेच त्यांचे खरे संरक्षण होय. म्हणजे येथे पुरातत्त्वाचा कायदा भूजलाच्या कायद्यावाचून पांगळा आहे.

करारातच ह्या दिशेने जाण्यास वाव आहे. जागतिक वारसा कराराचे पाचवे कलम राष्ट्रांना असे धोरण आखण्यास सांगते की, ज्यायोगे वारशास समाजाच्या जीवनात कार्य मिळेल आणि त्याचे रक्षण सर्वंकष नियोजनाचा भाग बनेल. बारावे कलम स्पष्ट करते की, एखादी वास्तू यादीत नाही एवढ्यावरून तिला मूल्य नाही असे ठरत नाही. आणि अकराव्या कलमात अवर्षणाचा उल्लेख नसला, तरी 'पाण्याच्या पातळीतील बदल' हे शब्द आहेत. ते शब्द लिहिणाऱ्यांच्या मनात वाढणारी पातळी असावी. पण शब्दांचा अर्थ घटणाऱ्या पातळीसही लागू पडतो. खालावणारे भूजल हे जलवास्तूंवरील नैसर्गिक व मानवी संकट आहे, अशी भूमिका भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मांडणे हे कराराच्या अक्षराशी विसंगत होणार नाही. बीडच्या बाबतीत संकटाची दुसरी टोकेही आहेतच. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेच्या पुराने बीड शहराची मोठी हानी केली, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत गोदावरी व सिंदफणा ह्यांच्या काठच्या गावांना पुराचा तडाखा बसला. जी भूमी पाऊस मुरवून ठेवू शकत नाही, तिला दुष्काळ व पूर ही एकाच दुखण्याची दोन रूपे भोगावी लागतात.

जगात अशा वास्तूंना मान्यता मिळू लागली आहे. ओमानचे अफलाज २००६ मध्ये आणि इराणच्या कनाती २०१६ मध्ये जागतिक यादीत गेल्या. वाहते पाणी व पाणी वाटून घेण्याची लोकांची रीत हाच तेथे वारशाचा गाभा मानला गेला. इराणातील यझ्द येथे युनेस्कोच्या आश्रयाखाली कनाती व ऐतिहासिक जलरचना ह्यांच्या अभ्यासाचे केंद्रही आहे. गुजरातेतील पाटणची राणीनी वाव सरस्वतीच्या पुराच्या गाळाने शतकानुशतके भरलेली होती. ती मोकळी झाल्यावर २०१४ मध्ये तिचा समावेश झाला. बीडची विहीर त्या यादीत जावी की नाही, हा प्रश्न गौण आहे. मुख्य गोष्ट ही की, सोळाव्या शतकात इराण व दख्खन ह्यांना जोडणारी जी विद्या होती, तिच्या आधारे एकविसाव्या शतकातही दोन देशांच्या तज्ज्ञांना सहकार्य करता येईल. दगडी शिल्पांच्या जतनाप्रमाणे वाहत्या पाण्याच्या जतनासही सांस्कृतिक करारात स्थान देण्यास काही अडचण नाही.

सारांश, बीड जिल्ह्याच्या इतिहासात वारसा व आपत्ती ह्यांचे नाते तीन अवस्थांतून गेलेले दिसते. प्रथम वास्तू हीच आपत्तीवरील तोड होती. नंतर वसाहतकालीन कारभाराने सूची एका हाती व दुष्काळ दुसऱ्या हाती दिला. स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय करार व साहाय्य ह्यांनी ही विभागणी मोडण्याऐवजी नकळत दृढ केली. नेपाळ व बागान येथे भारताने ती ओलांडून दाखविली आहे. जे परदेशातील भग्न मंदिरांच्या बाबतीत शक्य झाले, ते घरच्या कोरड्या होत जाणाऱ्या बारवांच्या बाबतीतही शक्य आहे. मराठवाड्यातील विद्यापीठीय संशोधनाने ह्यासाठी पहिले साधन पुरवावे. जिल्ह्यातील प्रत्येक जलवास्तूची नोंद तिच्या शिलालेख व शिल्पांबरोबरच तिचे झरे, पाणलोट, पाण्याची ऋतूनुसार पातळी व तिच्यावर अवलंबून असलेली शेती ह्यांसह झाली पाहिजे. कझेन्स ह्यांच्या सूचीत जे नव्हते, ते ह्या नव्या सूचीत असणे अगत्याचे आहे. कारण विहिरीत पाणी आहे तोवरच ती ज्या कार्यासाठी बांधली गेली ते कार्य तिच्या हातून होत राहते.